गीतपुस्तकातले टिळक

रविवारी सकाळी नारायणगुड्यात वायएमसीएच्या चौकातून पायी निघालं, की अर्ध्या तासात तीन भाषांतली प्रार्थना कानावर पडते. कुठे तेलुगू कीर्तन चाललेलं असतं, कुठे इंग्रजी हिम, तर कुठे हिंदीतलं भजन. मराठी मात्र शोधावी लागते. म्हणून आम्ही सात-आठ घरं मिळून महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी मराठी उपासना करतो. पेटी एक, टाळांचे दोन जोड आणि 'उपासना संगीत'च्या चार-पाच प्रती. त्यांतल्या दोन प्रतींचे पुठ्ठे केव्हाच गेलेत.

गेल्या खेपेला नांदेडकडून शिकायला आलेला एक विद्यार्थी पहिल्यांदाच आमच्यात बसला होता. पुस्तक चाळताना त्याला जागोजागी टिळक हे नाव दिसलं. उपासना संपल्यावर त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, की लोकमान्यांनी ख्रिस्ताची गाणी कधी लिहिली? सगळे हसले. मीही हसले. पण घरी येताना वाटलं, आपण तरी त्याला नीट उत्तर कुठे दिलं? हे टिळक वेगळे, एवढं सांगून विषय संपवला. लहानपणापासून ज्यांची गाणी तोंडपाठ आहेत, त्या माणसाबद्दल सलग पाच मिनिटं बोलता येऊ नये, याची लाज वाटली. मंडळाच्या अंकासाठी लिहायचं होतंच, म्हणून हे.

नारायण वामन टिळक. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. लोकमान्यही मूळचे त्याच जिल्ह्यातले आणि वयानेही जवळपासचे, त्यामुळे आमच्या विद्यार्थ्याची चूक तशी क्षम्यच. आई कवितेची आवड असलेली, भाविक. वडील कडक. आई लवकर गेली आणि मुलाचं घरातलं मनच उडालं. तो नाशिकला आला, तिथे संस्कृत शिकला, थोडं इंग्रजीही शिकला. शाळा पुरी झाली नाही, पण पाठांतर आणि शीघ्रकवित्व असं, की माणसं ऐकत बसत. लग्न झालं तेव्हा मुलगी जेमतेम अकरा वर्षांची. माहेरची मनकर्णिका गोखले, सासरी आल्यावर लक्ष्मी. हीच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणारी लक्ष्मीबाई.

पुढची दहा-बारा वर्षं टिळक एका जागी टिकले नाहीत. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यातले खिळे जुळवणारे. न सांगता निघून जायचं आणि कधीतरी परत यायचं. हातात पैसा आला, की वाटेत भेटलेल्या गरजूला देऊन टाकायचा. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण या सगळ्याला मनमुराद हसतो, कारण सांगणारीच हसत हसत सांगते. पण त्या घरात संध्याकाळी चूल पेटवायची कशाने, हा प्रश्न रोजचा होता, आणि तो तिच्याच वाट्याला आलेला होता.

नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचं काम मिळालं. 'ऋषि' नावाचं धर्मविषयक मासिकही त्यांनी चालवलं. या काळात एक विचार त्यांच्या डोक्यात घर करून बसला होता. देश वर यायचा असेल तर धर्म आधी दुरुस्त झाला पाहिजे, आणि माणसामाणसात जातीची भिंत उभी करणारा धर्म देशाला वर काढू शकणार नाही. नवा धर्मच स्थापावा, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. हे मुद्दाम सांगते. कारण टिळक ख्रिस्ताकडे वळले ते आधी पापाच्या भीतीने किंवा मिशनच्या भाकरीने नव्हे. त्यांना छळणारा प्रश्न समाजाचा होता. आपल्याकडे उपासना आणि सामाजिक न्याय ही दोन खाती वेगळी मांडायची सवय आहे. टिळकांच्या वहीत ती वेगळी नव्हती.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी जाताना आगगाडीच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे फ्री मेथडिस्ट मिशनरी भेटले. बोलणं सुरू झालं ते संस्कृत काव्यावरून. उतरण्याआधी वॉर्डनी त्यांना नवा करार वाचायला दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. असलं भाकीत ऐकून मी तरी पुस्तक खिडकीतून टाकलं असतं. टिळकांनी ते वाचायचं कबूल केलं होतं, म्हणून वाचायला घेतलं, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन ते थांबले. दीनांना धन्य म्हणणारी, वैऱ्यावर प्रीती करायला सांगणारी ती तीन प्रकरणं खाली ठेवता येईनात. त्यांच्या प्रश्नाला उत्तर तिथे होतं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

घरी त्यांनी सांगितलं नव्हतं.

लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, पदरात दत्तू हा लहान मुलगा. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लोकांच्या नजरा, नातेवाइकांची दया, आणि या सगळ्यात स्वतःच्या डोक्यावर ताबा ठेवायचा. ही ताटातूट जवळजवळ पाच वर्षं चालली. त्यातला काही काळ त्या बहिणीच्या कुटुंबाबरोबर पंढरपुरात होत्या. माझं मत विचाराल तर टिळकांनी हे बरोबर केलं नाही. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण इतका मोठा निर्णय जिच्या आयुष्यावर कोसळणार, तिला तो आधी कळायला हवा होता. मंडळीत टिळकांचं चरित्र सांगताना हा भाग आपण घाईघाईने उरकतो आणि पुढे दोघं एकत्र आली या सुखान्तावर येतो. मधली पाच वर्षं त्या बाईने एकटीने काढली.

एकत्र आली तीही एकदम नव्हे. लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, तेव्हा त्यांचं स्वयंपाकपाणी वेगळं. ख्रिस्ती माणसाचा स्पर्श झालेलं पाणी चालत नव्हतं. टिळकांनी जात विचाराने सोडली होती. लक्ष्मीबाईंना ती हंड्याकळशीतून, चुलीवरून सोडायची होती, आणि ते काम जास्त कठीण. त्यांनी ते स्वतःच्या बुद्धीने केलं. देवाने स्त्री आणि पुरुष निर्माण केले हे दिसतं, मग जाती कुणी निर्माण केल्या, असा साधा विचार करत करत त्या तिथवर आल्या. एके दिवशी ठरवलं, की आजपासून कुणाच्याही हातचं चालेल. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी जात गेली, मग धर्म बदलला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्यातल्या कित्येक घरांत तो उलटा झाला, आणि दुसरी पायरी राहूनच गेली.

तो काळ मोठ्या दुष्काळाचा होता. राहुरीच्या मुक्कामात टिळकांचं घर म्हणजे पोरक्या मुलांचं आश्रयस्थान झालं. पगार थोडा, खाणारी तोंडं पुष्कळ, आणि रांधणारी अर्थात लक्ष्मीबाईच. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवत. मुलांसाठीच्या 'बालबोधमेवा'चं आणि पुढे १८४२ पासून चालत आलेल्या 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचं संपादन त्यांनी केलं. बालकवी ठोंबरे त्यांच्याच घरी मुलासारखे राहिले. फुलामुलांचे कवी म्हणून मराठीच्या पुस्तकात आपण जे टिळक शिकलो ते हेच. बाण लागलेल्या पक्षिणीवरची त्यांची कविता शाळेत पाठ केलेले तुमच्यापैकी कितीतरी असतील. हाच माणूस गीतपुस्तकातला, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

आता गाण्यांकडे येते, कारण आमच्या उपासनेत त्यांचं नाव येतं ते त्यांच्यामुळे.

टिळकांच्या आधी मराठी मंडळ्यांत गाणी नव्हती असं नाही. कृष्णराव सांगळ्यांसारख्या नगरच्याच माणसाने कीर्तनाच्या वाटेने चांगली गीतं रचली होती. पण रविवारच्या उपासनेत पुष्कळदा इंग्रजी हिमची भाषांतरं चालत, तीही मूळ विलायती चालीवर. तुम्ही गाऊन पाहिलंत तर अडचण लगेच कळेल. इंग्रजी चालीत जोर ठरावीक ठिकाणी पडतो, आणि मूळ शब्द तसेच निवडलेले असतात, की महत्त्वाच्या शब्दावर तो जोर यावा. मराठीत आपण प्रत्यय शेवटी लावतो. मग होतं काय, की सूर लांबतो तो नेमका 'ख्रिस्ताने'मधल्या 'ने'वर किंवा 'देवाचा'मधल्या 'चा'वर. अर्थ एकीकडे, आवाज दुसरीकडे. शिवाय ओळी पुस्तकात बघूनच म्हणाव्या लागतात. आणि त्या काळी बाकावर बसलेल्या निम्म्याहून अधिक माणसांना अक्षरओळख नव्हती.

टिळकांनी अभंग घेतला. मोठ्या अभंगाचे चार चरण, अक्षरं सहा-सहा-सहा-चार, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. धाकट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. मात्रांचा हिशेब नाही, ऱ्हस्व-दीर्घाची अडचण नाही. पुढच्याने म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं. पुस्तक नको, ऑर्गन नको, टाळ नसले तर टाळ्या चालतात. दोनदा ऐकलं की येतं. साकी, दिंडी, ओवी, कीर्तनातली पदं, सगळं त्यांनी उपासनेत आणलं. रचली ती शंभराहून जास्त गीतं. तुकाराम हा आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल झाला, असं ते उघड मानत. वारकरी जसा विठ्ठलाला आई म्हणतो, तसं त्यांनी ख्रिस्ताला आई म्हटलं. ऐकणाऱ्या काही मिशनऱ्यांना हे जरा विचित्रच वाटलं असणार. गावाकडच्या बाईला मात्र ते समजावून सांगावं लागलं नसणार.

इथे थोडं थांबून विचार करण्यासारखं आहे. नगर जिल्ह्यातल्या त्या मंडळ्यांत बसलेली बहुतेक माणसं महार आणि मांग समाजातली होती. अभंग त्यांना परका नव्हता. चोखामेळा त्यांचाच. पण पंढरपुरात चोखोबाची समाधी देवळाच्या पायरीपाशी, नामदेव पायरीच्या समोर, बाहेर. देवळात चाललेलं भजन त्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या बाहेर उभं राहून ऐकलं होतं. तीच चाल, तोच टाळ, आणि आता बसायला पुढची जागा. टिळकांच्या गाण्यांचं मोल मला इथे दिसतं. ती गोड आहेत हे खरंच. पण बाहेर ठेवलेल्यांना त्यांचंच गाणं आत आणून दिलं, हे जास्त.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकू नये. टिळक संस्कृतात वाढलेले. त्यांच्या काही गीतांत समास असे लांबलचक, की आमच्या उपासनेत ती ओळ आली की सगळे पुटपुटतात आणि ध्रुपदावर पुन्हा आवाज चढतो. भारतीय ख्रिस्तीपण म्हणजे ब्राह्मणी वळणाचं ख्रिस्तीपण असं का मानायचं, हा प्रश्न दलित ख्रिस्ती लेखक-विचारवंतांनी गेल्या काही दशकांत विचारला आहे, आणि तो टिळकांनाही लागू पडतो. माझ्यापुरतं सांगायचं तर जिथे ते शास्त्री होतात तिथे मी पान उलटते, आणि जिथे ते तुकोबाच्या मागे चालतात तिथे थांबते.

हैदराबादेत राहून या गोष्टीकडे बघताना एक जोड आपोआप दिसते. आपल्या शेजारच्या तेलुगू मंडळ्यांत जी जुनी कीर्तनं गातात, त्यांतली कितीतरी पुरुषोत्तम चौधरींची. तेही ब्राह्मण घरातून आलेले, टिळकांच्या जन्माच्या जवळजवळ तीस वर्षं आधी त्यांचा बाप्तिस्मा झाला होता, आणि त्यांनीही विलायती चाल सोडून आपल्याकडच्या राग-तालात ख्रिस्ताची कीर्तनं रचली. तेलुगू मंडळीत ती आजही पाठ असतात. आपली तरुण मुलं मात्र मराठी गीताची चाल मोबाइलवर शोधतात, मिळाली नाही की इंग्रजी कोरस घेतात. त्यांना दोष देत नाही. चाल कुणीतरी तोंडी द्यावी लागते, आणि ती द्यायला आम्ही महिन्यातून एकदाच भेटतो.

टिळकांच्या शेवटच्या दोन वर्षांबद्दल आपण सर्वात कमी बोलतो. १९१७ मध्ये, वयाची पंचावन्न वर्षं उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला. भांडून नव्हे. पण मनात पुष्कळ दिवस साठलेलं होतं. मिशनरी साहेब म्हणजे मायबाप आणि हिंदी ख्रिस्ती माणूस म्हणजे त्याचा आश्रित, हे नातं त्यांना खुपत होतं. परक्या पैशावर उभी असलेली मंडळी आपल्या लोकांना परकीच वाटणार, असं त्यांचं म्हणणं. ते संन्यासी झाले, भगवी वस्त्रं घेतली आणि साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही येऊ शकत. ख्रिस्ताला गुरू मानायचं, एकमेकांना भाऊबहीण मानायचं, जातीला जागा नाही. आजही आपल्या एखाद्या मंडळीत असा ठराव मांडून बघा. बैठक रात्री अकरापर्यंत चालेल.

दरबार फार काळ टिकला नाही. तो टिळकांच्या एकट्याच्या तेजावर उभा होता आणि त्यांची प्रकृती ढासळत होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. दरबार त्यांच्यामागे चालवू शकेल असं कुणी उरलं नाही. गाणी राहिली. मला कधीकधी वाटतं, आपण सोयीचं तेवढं ठेवलं. गाणी ठेवली, कारण ती म्हणून घरी जाता येतं. दरबार ठेवला असता तर दार उघडं ठेवावं लागलं असतं.

त्यांचं एक मोठं काम अर्धवट राहिलं होतं. ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध लिहायचं, 'ख्रिस्तायन' या नावाने, हे त्यांनी दहाएक वर्षांपूर्वी मनावर घेतलं होतं. मराठीत त्याआधी एकच एवढं मोठं उदाहरण होतं, गोव्यात १६१६ साली छापलेलं फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण'. टिळकांचे सुमारे अकरा अध्याय झाले आणि काम थांबलं.

ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. शाळेत न गेलेल्या, जोडाक्षरांशी जन्मभर झगडलेल्या, ज्यांना नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी दुसऱ्यांकडून कळली होती त्या लक्ष्मीबाईंनी. अकरा अध्यायांवर त्यांनी चौसष्ट लिहिले. एकीकडे 'स्मृतिचित्रे' लिहून होत होती, दुसरीकडे ओव्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तने पुरा केला आणि १९३८ मध्ये शहात्तर अध्यायांचा ग्रंथ बाहेर आला. मुखपृष्ठावर टिळक हे एकच आडनाव असलं, तरी आत ओव्या मोजायला बसलात तर हिशेब कुणाच्या बाजूने जातो ते दिसेल.

पुढच्या उपासनेला नांदेडचा तो विद्यार्थी पुन्हा येणार आहे. त्याला मृदंग वाजवता येतो हे आता कळलंय. आजोबा भजनी मंडळात होते म्हणे. घरात मृदंग ठेवायला जागा नाही, म्हणून तो काचीगुड्याच्या एका मित्राकडून आणायचा ठरलाय. मी त्याला दोन अभंग काढून दिलेत, एक मोठा, एक धाकटा. समास नसलेले.